स्वतः बांधलेल्या गाडीत हॉर्नची वायरिंग

कारखान्यातून आलेल्या गाडीत हॉर्न वाजला की करंट बॅटरीकडे परत कुठून जातो, हा प्रश्न कुणाला पडत नाही. पत्र्याची बॉडी, स्टिअरिंगचा दांडा, इंजिन हे सगळं आधीच एकमेकांना अर्थ झालेलं, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडलेलं असतं. ट्यूब चेसिसवर (पाइप जोडून केलेल्या सांगाड्यावर) फायबरची बॉडी चढवलेल्या बग्गीत, किंवा जुन्या जीपच्या सांगाड्यावर नव्याने उभ्या केलेल्या गाडीत यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. फायबरमधून करंट जात नाही. पावडर कोटिंगच्या थराखाली पाइप आणि बोल्ट यांची गाठच पडत नाही. बाजारातून आणलेलं स्टिअरिंग व्हील बसवलं की त्याच्या बटणाची एक वायर नुसती लोंबकळत राहते. अशा गाडीत हॉर्न गप्प असेल तर बहुतेक वेळा हॉर्न ठणठणीत असतो, परतीची वाट तुटलेली असते. म्हणून इथे पॉझिटिव्हपेक्षा अर्थ आणि स्टिअरिंग यांवर जास्त भर दिला आहे.

पुढचं सगळं १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ गाडीसाठी आहे. २४ व्होल्टची गाडी असेल तर हॉर्न आणि रिले (बटणाच्या छोट्या करंटने हॉर्नचा मोठा करंट जोडणारा स्विच) दोन्ही २४ व्होल्टचे घ्यावे लागतात. जोडण्याची रीत तीच.

हॉर्न निवडताना

चपटा डिस्क हॉर्न साधारण ३ ते ४.५ अँपिअर घेतो, शंखाच्या आकाराचा ५ ते ६. नेमका आकडा खोक्यावर किंवा हॉर्नच्या पाठीवर छापलेला असतो. फ्यूज त्यावरून ठरवा, अंदाजाने नको. जोडी घेताना एकावर ‘एच’ आणि दुसऱ्यावर ‘एल’ आहे ना ते पाहून घ्या. हे उंच आणि खालच्या सुराचे हॉर्न असतात, शंखाच्या जोडीत साधारण ५०० आणि ४०० हर्ट्झचे. दोन्ही एकाच सुराचे आले तर आवाज वाढल्यासारखा वाटत नाही, उलट थरथरल्यासारखा येतो.

हॉर्नला टर्मिनल किती, हे दुकानातच बघा. एक टर्मिनलचा हॉर्न ब्रॅकेटमधून अर्थ घेतो. फायबरच्या नोजवर तो बसवलात तर कधीच वाजणार नाही. दोन टर्मिनलचाच घ्या. साध्या, पॉइंटवाल्या (आत करंट सतत जोडणारा-तोडणारा संपर्क असलेल्या) हॉर्नला प्लस-मायनसचा फरक पडत नाही. इलेक्ट्रॉनिक हॉर्नला पडतो, त्याच्यावर खूण असते.

गाडी रस्त्यावर जाणार असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११९ लागू होतो. हॉर्न आयएस १८८४ या मानकाचा हवा आणि एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा, कर्कश किंवा दचकवणारा हॉर्न लावायला मनाई आहे. म्हणजे म्युझिकल हॉर्न आणि ट्रकचे प्रेशर हॉर्न बाद. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-एफ नुसार पहिल्यांदा १,००० आणि पुढच्या वेळी २,००० रुपये दंड आहे. हॉर्न बदलणं सोपं असलं तरी मुळात बॉडी आणि चेसिस बदललेल्या गाडीच्या नोंदणीचा प्रश्न कलम ५२ खाली येतो. त्याचा निकाल आरटीओत लागतो, वायरिंगने नाही.

सामान

- १२ व्होल्ट, ३० किंवा ४० अँपिअरचा चार पायांचा रिले, वायर लावलेल्या सॉकेटसकट
- ब्लेड फ्यूजचे दोन होल्डर: हॉर्नसाठी १५ अँपिअर (निळा), रिलेच्या कॉइलसाठी ५ अँपिअर
- २.५ चौरस मिमीची लाल आणि काळी वायर, गाडीत प्रत्यक्ष दोरी लावून मापलेल्या लांबीपेक्षा अर्धा मीटर जास्त
- १.५ चौरस मिमीची वायर, प्रत्येक हॉर्नपर्यंतच्या शेवटच्या तुकड्यासाठी
- ०.७५ चौरस मिमीच्या दोन वेगळ्या रंगांच्या वायर, बटण आणि इग्निशनसाठी
- ६.३ मिमीचे फिमेल लग (वायरच्या टोकाला बसणारी धातूची टोपणं), ६ आणि ८ मिमीचे रिंग लग, दातेरी वॉशर, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी), पत्र्याच्या भोकात वायर घासू नये म्हणून रबरी ग्रोमेट

दोन्ही हॉर्न मिळून ११ अँपिअरच्या वर जात असतील तर फ्यूज २० चा (पिवळा) लावा आणि हॉर्नपर्यंत शेवटपर्यंत २.५ चौरस मिमीच वायर न्या.

घरच्या वायरिंगमधून उरलेली वायर वापरायचा मोह होतो. तिचं आवरण साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंतचं असतं, गाडीच्या वायरचं १०० च्या वर. शिवाय तिच्या तारा कमी आणि जाड असतात, त्यामुळे सततच्या थरथरीने लगच्या तोंडाशी त्या एकेक करून तुटत जातात. हॉर्न काही महिने नीट वाजतो, मग खड्ड्यातून गेल्यावरच वाजू लागतो.

जाडीचा हिशोब एकदा करून बघा. २.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरला दर मीटरला साधारण ७.५ मिलिओहम रोध असतो, ०.७५ च्या वायरला २५ मिलिओहम. बॅटरी मागे आणि हॉर्न पुढे, असं ४ मीटरचं अंतर धरलं तर १० अँपिअरला पहिल्या वायरमध्ये ०.३ व्होल्ट जातात, दुसरीत पूर्ण १ व्होल्ट. परतीची वायरही तशीच बारीक असेल तर हॉर्नला १२.५ ऐवजी १०.५ व्होल्ट मिळतात आणि तो घसा बसल्यासारखा वाजतो.

रिलेचे पाय

रिलेच्या बुडाशी आकडे कोरलेले असतात. ८५ आणि ८६ ही कॉइल, ३० वर बॅटरीचा पॉझिटिव्ह, ८७ मधून हॉर्नला पुरवठा. पाच पायांच्या रिलेत मधे ८७-ए असतो. रिले बंद असताना ३० त्याला जोडलेला असतो. चुकून हॉर्न तिथे लागला तर बॅटरी जोडल्याक्षणी हॉर्न सुरू होतो आणि बटण दाबल्यावर थांबतो. चार पायांचा घेतला की ही भानगडच नाही.

मल्टिमीटरने ८५–८६ मध्ये साधारण ७० ते १०० ओहम दिसायला हवेत. काही रिलेच्या आत कॉइलला समांतर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, तो अंगावरच्या चित्रात बाणाने दाखवलेला असतो. अशा रिलेत ८६ पॉझिटिव्ह हवाच. उलटा लावला तर बटण दाबताच डायोडमधून थेट शॉर्ट होऊन कॉइलचा फ्यूज जातो. इंजिन ईसीयूवर (इंजिनाच्या कॉम्प्युटरवर) चालणारं असेल तर डायोड किंवा रेझिस्टरवाला रिलेच घ्या, कॉइल सुटताना उठणारा व्होल्टेजचा झटका तो गिळतो.

रिले टाळून बटणातूनच हॉर्न चालवता येत नाही का? एकच छोटा डिस्क हॉर्न असेल तर येतो, पूर्वीच्या छोट्या गाड्यांत तसंच असायचं. जोडीचा १० अँपिअर करंट मात्र स्टिअरिंगच्या बटणाच्या बारीक पत्तीला झेपत नाही, ती जळून काळी पडते. रिले लावला की बटणातून जेमतेम १५० मिलिअँपिअर जातो.

जोडणी

वेल्डिंगचं सगळं काम आटोपल्यावरच वायर ओढायला घ्या आणि बॅटरीचा निगेटिव्ह काढून ठेवा.

१. हॉर्न त्याच्यासोबत आलेल्या पातळ पट्ट्यांच्या ब्रॅकेटवरच बसवा. ती पट्टी लवचीक असते, म्हणून हॉर्नला नीट थरथरता येतं. हॉर्नचं अंग थेट पाइपाला आवळलं किंवा ब्रॅकेट म्हणून जाड पट्टी वापरली की आवाज दबतो. चारी बाजूंनी १५ ते २० मिमी मोकळी जागा ठेवा. शंखाचं तोंड खाली किंवा पुढे-खाली, म्हणजे पाणी साठणार नाही. चाकाचा चिखल थेट उडेल अशा जागी नको.

२. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून निघालेल्या २.५ च्या वायरवर पहिल्या १५–२० सेंटीमीटरच्या आतच १५ अँपिअरचा फ्यूज होल्डर घाला. फ्यूजच्या आधीच्या वायरला कसलंच संरक्षण नसतं. ती कुठे घासून चेसिसला लागली तर पेट घेऊ शकते. गाडीला किल स्विच (बॅटरीचा सगळा पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर ही वायर त्याच्या पलीकडून घ्या, म्हणजे स्विच बंद केला की हिचाही करंट तुटेल.

३. फ्यूजनंतरची वायर रिलेच्या ३० वर. रिले डॅशच्या आत किंवा फायरवॉलवर (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या भिंतीवर), पाय खाली करून बसवा.

४. ८७ वरून २.५ ची वायर पुढे न्या आणि हॉर्नजवळ तिचे १.५ चे दोन फाटे करा. दोन्ही हॉर्न समांतर जोडायचे. एकामागे एक जोडले तर प्रत्येकाला सहा व्होल्टच मिळतात, शिवाय एकाचा पॉइंट उघडला की दुसऱ्याचाही करंट तुटतो. दोघं मिळून नुसते गुरगुरतात.

५. दोन्ही हॉर्नची दुसरी टर्मिनल काळ्या वायरने एकत्र करून चेसिसवर.

६. ८६ वर इग्निशन ऑनचा पुरवठा, ५ अँपिअरच्या फ्यूजमधून. ८५ वरून ०.७५ ची वायर स्टिअरिंगच्या बटणाकडे, आणि बटणाची दुसरी बाजू अर्थला.

पुष्कळ गाड्यांत चावी काढली तरी हॉर्न वाजतो, आणि त्यात चूक काही नाही. तरीही बांधलेल्या गाडीत कॉइल इग्निशनवर घेणंच बरं. हाताने केलेली स्टिअरिंगची वायरिंग कधीतरी घासणार, आणि तेव्हा चावी फिरवून हॉर्न बंद करता आला पाहिजे. बटण अर्थच्या बाजूला ठेवण्याचं कारणही हेच आहे. दांड्यातली वायर सोलून लोखंडाला लागली तर हॉर्न वाजेल, पण फ्यूज उडणार नाही की वायर तापणार नाही.

हॉर्नच्या वायर ईसीयूच्या सेन्सर वायरींसोबत एकाच गुंडाळीत बांधू नका. हॉर्नचा पॉइंट सेकंदाला चारपाचशे वेळा करंट तोडतो, त्याचा विजेचा खरखराट सेन्सरच्या सिग्नलमध्ये उतरतो.

स्टिअरिंगमधून बटणापर्यंत

गाठ पडते ती इथेच. व्हील फिरतं, दांड्याचा बाहेरचा पाइप स्थिर असतो, आणि वायर या दोघांमधून न्यायची असते. यासाठी तीन वाटा आहेत.

पितळी रिंग आणि स्प्रिंगचा काटा: हबच्या मागे इन्सुलेशनवर बसवलेली पितळी रिंग, आणि स्थिर पाइपावरून तिला टेकणारा स्प्रिंगचा काटा. ८५ ची वायर काट्याला, रिंगची वायर बटणाच्या एका टर्मिनलला. बाजारातल्या बॉस किटमध्ये (व्हील दांड्यावर बसवायच्या जोडभागात) रिंग बहुधा येते, काटा मात्र मूळ गाडीच्या स्टिअरिंगचा वापरावा लागतो. दोघांचा व्यास जुळतो का, हे किट घेण्याआधीच मोजा. रिंगवर ग्रीसचा अगदी पुसट हात पुरे, गोळा लावला तर धूळ धरून संपर्क तुटतो.

क्लॉक स्प्रिंग: चपटी पट्टी गुंडाळून ठेवलेली डबी, व्हील फिरलं की पट्टी आत उलगडते-गुंडाळते. दुसऱ्या गाडीचं स्टिअरिंग आख्खं उचललं असेल तर हीच असते. बसवताना ती मध्यावर असायला हवी. हाताने एका टोकापर्यंत हलकेच फिरवा, मग दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा आणि त्याच्या निम्मे मागे या. चाकं सरळ ठेवूनच बसवा. मध्य चुकला तर पहिल्याच पूर्ण वळणाला आतली पट्टी फाटते. त्या व्हीलमध्ये एअरबॅग असेल तर बॅटरी काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय हात लावू नका, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरवर मल्टिमीटर कधीच टेकवू नका.

गुंडाळीची वायर: जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखी. टोकापासून टोकापर्यंत दीड फेऱ्यात वळणाऱ्या बग्गीच्या रॅकला (चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याला) ती चालते, आणि क्विक रिलीज हबसोबत (व्हील झटकन काढता येणाऱ्या हबसोबत) सोयीचीही पडते. साडेतीन फेऱ्यांच्या स्टिअरिंगला मात्र ती दांड्याभोवती आवळत जाते. तिथे वापरूच नका, हॉर्नपायी स्टिअरिंग अडकायला नको.

यातलं काहीच जमत नसेल तर बटण डॅशवर, हात सहज पोचेल असं लावा, किंवा इंडिकेटरच्या दांडीच्या टोकाला हॉर्न असलेला स्विच शोधा. जुन्या सिट्रोएन, रेनॉ गाड्यांत तो तसाच असायचा. फायबरच्या डॅशवरच्या बटणाला अर्थची वेगळी वायर लागते, हे विसरू नका.

आता बटणाची दुसरी बाजू. ती हबमधून दांड्याला आणि दांड्यातून चेसिसला अर्थ व्हायला हवी. दांडा वर नायलॉनच्या बुशात फिरतो आणि खाली रबर किंवा कापडी कपलिंगने रॅकला जोडलेला असतो. म्हणजे दोन्ही टोकांना तो अधांतरी. तपासायला मल्टिमीटर ओहमवर ठेवा, एक काडी स्टिअरिंगच्या मधल्या नटावर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह केबलच्या टोकावर, आणि व्हील पूर्ण फिरवा. आकडा एक-दोन ओहमवर स्थिर असेल तर चालतं, रिलेच्या ८० ओहमच्या कॉइलपुढे ते किरकोळ आहे. आकडा उड्या मारत असेल किंवा काहीच दिसत नसेल तर कपलिंगच्या वरच्या आणि खालच्या भागाला विणलेल्या तांब्याच्या लवचीक वायरने जोडा. ही वायर कपलिंगच्या बोल्टखाली दाबू नका. मऊ लग बसला की बोल्टचा आवळ कमी होतो, आणि हा बोल्ट स्टिअरिंगचा आहे. रंग खरवडून दांड्यावर छोटी होज क्लिप आवळा आणि तिच्याखाली वायर धरा. दांड्याला भोक पाडणं किंवा वेल्डिंगचा टाका मारणं अजिबात नको. दोन वायरी नेणारी क्लॉक स्प्रिंग किंवा गुंडाळी असेल तर दुसऱ्या वायरने सरळ अर्थ आणा, दांड्यावर अवलंबून राहायची गरजच उरत नाही.

चेसिसवरचा अर्थ

वेल्ड केलेला चेसिस स्वतः उत्तम वाहक असतो. २५ मिमी व्यासाच्या, २ मिमी जाडीच्या पाइपात साधारण १४५ चौरस मिमी लोखंड असतं. ते तांब्याच्या मानाने आठ-दहा पट जास्त अडवतं हे धरलं तरी एकच पाइप जवळजवळ १५ चौरस मिमी तांब्याच्या बरोबरीचा ठरतो. तेव्हा पुढच्या हॉर्नपासून मागच्या बॅटरीपर्यंत काळी वायर ओढायची गरज नाही. गरज आहे ती दोन चांगल्या सांध्यांची. एक हॉर्नजवळ, दुसरा बॅटरीजवळ.

चेसिसला वेल्ड केलेल्या नटाभोवतीची पावडर कोटिंग लख्ख धातू दिसेपर्यंत घासा. रिंग लग, दातेरी वॉशर, बोल्ट असा क्रम लावून घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली चोपडा. आधी जेली आणि मग आवळणं, असं नको. कोकणात किंवा मुंबईत गाडी राहणार असेल तर त्यावर रंगाचा एक हातही मारा, खारी हवा उघडा सांधा एका पावसाळ्यात खाते. चेसिसचे भाग वेल्ड नसून बोल्टने जोडलेले असतील तर मात्र प्रत्येक सांध्यावरून अर्थची पट्टी हवी.

इंजिन रबरी माउंटिंगवर असतं, म्हणून इंजिन ते चेसिस जाड पट्टी वेगळी लावावी लागते. ती राहिली तर स्टार्टरचा करंट क्लचच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून आवळते. हॉर्नशी याचा थेट संबंध नाही, पण अर्थ तपासायला बसलाच आहात तर हेही बघून टाका.

आवाज न करता तपासणी

सोसायटीच्या पार्किंगमध्ये तासभर हॉर्न वाजवून वायरिंग तपासली तर शेजारी खाली येतील. हॉर्नची लग काढा आणि त्यांच्या जागी हेडलाइटचा एच-४ बल्ब होल्डरसकट जोडा. त्याची एक फिलामेंट साडेचार ते पाच अँपिअर घेते, म्हणजे जवळजवळ एका हॉर्नइतकाच भार. दोन बल्ब लावले की जोडीचा भार झाला. काच काही सेकंदांत भाजण्याइतकी तापते, तेव्हा फायबरपासून लांब धरा.

कुणाला तरी बटण दाबून धरायला सांगा आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक काडी बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी हॉर्नच्या पॉझिटिव्ह लगवर. ०.५ व्होल्टच्या आत आकडा हवा. मग बॅटरीचा निगेटिव्ह आणि हॉर्नची काळी लग, इथे ०.३ च्या आत. जिथे आकडा मोठा येईल तिथे एकेक सांधा मागे सरकत मोजत जा. ज्या सांध्याच्या अलीकडे-पलीकडे फरक दिसेल, दोष तिथेच. नुसती कंटिन्युइटीची (वायर सलग असल्याची) शिट्टी ऐकून समाधान मानू नका. सात-आठ तारांपैकी एकच तार धड असली तरी मल्टिमीटर शिट्टी देतो, १० अँपिअर मात्र तिच्यातून जात नाहीत.

बिघाड कसा ओळखायचा

रिले टिकटिक करतो, हॉर्न गप्प. कॉइल आणि बटण ठीक आहेत. ३० वर व्होल्टेज आहे का, बटण दाबल्यावर ८७ वर येतं का ते बघा. दोन्हीकडे आहे, तर हॉर्नचा अर्थ.

रिलेच टिकटिक करत नाही. ८५ ची वायर सॉकेटजवळ थेट चेसिसला लावा. हॉर्न वाजला तर दोष स्टिअरिंगमध्ये, नाही वाजला तर ८६ वरचा पुरवठा किंवा ५ अँपिअरचा फ्यूज.

वळताना आपोआप वाजतो. दांड्यातली वायर घासली आहे किंवा काटा रिंगच्या कडेला हबवर चढतो आहे. फक्त एकाच बाजूच्या वळणाला वाजत असेल तर वायर त्या बाजूला ताणली जाते.

हॉर्न वाजवला की हेडलाइट मंद होतात किंवा मीटरचे काटे हलतात. दोघांचा अर्थ एकाच खराब बोल्टवर आहे.

बटण दाबताच मोठा फ्यूज जातो. आधी दोन्ही हॉर्न काढून बघा. तरीही गेला तर ८७ पासून पुढे वायर कुठे तरी चेसिसला टेकली आहे, बहुधा ग्रोमेट न घातलेल्या भोकात. टिकला तर एकेक हॉर्न जोडून आतून शॉर्ट झालेला शोधा. मोठा फ्यूज घालून प्रश्न सोडवू नका.

वायरिंगचे आकडे नीट आले आणि तरीही डिस्क हॉर्न फाटक्या आवाजात वाजतो, तेव्हाच पाठीवरच्या स्क्रूकडे वळा. हॉर्न गाडीवरून काढून ब्रॅकेटसकट व्हाइसमध्ये धरा, वायरीत अँपमीटर घाला आणि स्क्रू एकावेळी पाव फेऱ्यापेक्षाही कमी फिरवा. दर फेरीला एकच छोटा भोंगा. आवाज स्वच्छ झाला आणि करंट छापलेल्या आकड्याच्या आत असला की थांबा, लॉकनट असेल तर आवळा आणि स्क्रूवर सिलिकॉनचा ठिपका लावून पाणी बंद करा. स्क्रू फार आत गेला तर पॉइंट उघडतच नाहीत, आवाज न होता नुसता करंट वाहतो आणि कॉइल जळते. लाखेने बंद केलेला स्क्रू असेल तर तो फिरवू नका, नवा हॉर्न घ्या.